रोबोट कोणाच्या हुकमावर चालणार?

आता तालुक्याच्या गावापर्यंत रोबोटिक्सचे क्लास येऊन पोचले आहेत. इंग्रजी शाळांच्या फाटकावर फ्लेक्स लागतात. त्यावर चष्मा लावलेले एक गोरेगोमटे मूल आणि शेजारी चाकांची गाडी असते. खाली पाल्याच्या भविष्याबद्दल काहीतरी लिहिलेले असते. आपल्या वस्तीतला बाप फी विचारतो, आकडा ऐकतो आणि मुकाट्याने घरी येतो. मग मुलाला सांगतो, 'हे आपल्यासाठी नाही.'

या लेखात मला दोन गोष्टी मांडायच्या आहेत. पहिली ही की 'हे आपल्यासाठी नाही' हे वाक्य खोटे आहे. रोबोट चालवणारा कोड जगभरातल्या लोकांनी उघड्यावर मांडून ठेवला आहे. कोणीही घ्यावा, वाचावा, बदलावा आणि पुढच्याला द्यावा. क्लासवाले विकतात ते खोके असते, ज्ञान नव्हे. दुसरी गोष्ट ही की कोड उघडा असला म्हणून तो आपल्या पोरांच्या हातात आपोआप येत नाही. मधले अंतर कोणीतरी कापावे लागते आणि ते कापण्याची मागणी आपण संघटितपणे केली पाहिजे.

खोक्यात असते काय?

महागड्या किटचे खोके उघडून बघा. आत एक छोटा कंट्रोलर बोर्ड, दोन मोटारी, चाके, मोटारींना वीज पुरवणारा ड्रायव्हर, बॅटरीचा होल्डर आणि दोन-चार सेन्सर एवढेच सापडते. बोर्ड अनेकदा 'अर्दुइनो उनो'ची नक्कल असतो. ही नक्कल म्हणजे चोरी नव्हे. अर्दुइनोचा आराखडाच मुक्त आहे, फक्त त्याचे नाव आणि बोधचिन्ह लावता येत नाही. म्हणूनच मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत असा बोर्ड अस्सलच्या किमतीच्या लहानशा हिश्श्यात मिळतो आणि काम तेच करतो.

आता मुलांना सर्वात आधी शिकवली जाणारी गाडी घ्या, पांढऱ्या कागदावरच्या काळ्या पट्टीवरून चालणारी. गाडीच्या पोटाखाली पट्टीच्या दोन बाजूंना दोन इन्फ्रारेड सेन्सर असतात. पांढरा कागद प्रकाश परत पाठवतो, काळी पट्टी तो शोषून घेते. डाव्या सेन्सरखाली काळे आले तर गाडी उजवीकडे भरकटली आहे, म्हणून डावी मोटार थांबवायची आणि उजवी चालू ठेवायची. उजव्याखाली काळे आले तर याच्या उलट करायचे. दोन्हींखाली पांढरे असेल तर सरळ जायचे, दोन्हींखाली काळे असेल तर थांबायचे. चार शक्यता आणि चार हुकूम. वीस-पंचवीस ओळींत हा कोड मावतो. सातवी-आठवीच्या मुलाला हा तर्क कळत नाही असे कोण म्हणेल? चौकातली वाहतूक बघून सायकल हाकणारे पोर यापेक्षा अवघड निर्णय रोज घेते.

फुकट वेगळे, मुक्त वेगळे

इथे एक घोळ आधी निस्तरला पाहिजे. आपल्याकडे 'ओपन सोर्स' म्हटले की लोकांना फुकटचा माल आठवतो. फुकट तर समाजमाध्यमेही असतात, पण ती आत कशी चालतात हे आपल्याला बघता येत नाही. मुक्त कोडचा अर्थ किमतीपेक्षा मोठा आहे. १९८५ साली अमेरिकेत फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन झाले. त्या चळवळीने मुक्ततेची व्याख्या हक्कांच्या भाषेत केली: वापरण्याचा हक्क, आतून अभ्यासण्याचा हक्क, बदलण्याचा हक्क आणि मूळ किंवा बदललेली प्रत वाटण्याचा हक्क. हे हक्क परवान्यात लिहिलेले असतात. म्हणजे इथे कोणाच्या मेहेरबानीचा प्रश्न येत नाही. ज्यांनी आयुष्यभर मेहेरबानी आणि हक्क यांतला फरक अंगावर सोसला आहे, त्यांना तो वेगळा समजावण्याची गरज नाही.

अभ्यासण्याच्या हक्काने काय फरक पडतो ते एका साध्या उदाहरणाने सांगतो. अंतर मोजणारा अल्ट्रासोनिक सेन्सर आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडतो आणि तो समोरच्या वस्तूवर आपटून परत यायला किती वेळ लागला हे सांगतो. ध्वनीचा हवेतला वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर, म्हणजे मायक्रोसेकंदाला ०.०३४ सेंटीमीटर. म्हणून कोडमध्ये ओळ असते: वेळ गुणिले ०.०३४ भागिले २. बंद किटच्या अ‍ॅपमध्ये ही ओळ दिसत नाही. तिथे 'अंतर मोजा' असा एक रंगीत ठोकळा असतो. तो ओढायचा, जागेवर ठेवायचा आणि आकडा बघायचा.

आमच्या अभ्यासिकेत ही ओळ उघडी होती म्हणून आठवीतल्या एका मुलीने विचारले, 'दादा, हे भागिले दोन कशाला?' मी उत्तर देण्याआधीच मागून एक पोरगा म्हणाला, 'अगं, आवाज जातो आणि परत पण येतो ना!' त्या एका प्रश्नात विज्ञान, गणित आणि कोड तिन्ही आले. ठोकळा ओढणाऱ्या मुलाला हा प्रश्न पडलाच नसता, कारण प्रश्न पडायची जागाच कंपनीने झाकून टाकली होती. रंगीत ठोकळे वाईट नाहीत, लहान मुलांना ते सोयीचेच असतात. एमआयटीचे 'स्क्रॅच' ठोकळ्यांचेच आहे आणि त्याचा कोडही खुला आहे. माझा आक्षेप ठोकळ्यांना नाही, त्यांच्या मागच्या कुलपाला आहे.

हा कोड आला कुठून?

कोणी म्हणेल, परदेशी लोकांनी बनवले, आपण वापरतो, यात कसला हक्क? म्हणून थोडा इतिहास.

मुलाने यंत्राला हुकूम द्यावा ही कल्पना 'लोगो' या संगणकभाषेतून पुढे आली. १९६७ साली ती तयार करणाऱ्यांत सीमोर पॅपर्ट होते. जमिनीवर फिरत रेघ ओढणारे त्यांचे यांत्रिक कासव जगभर प्रसिद्ध झाले. पॅपर्ट जन्माने दक्षिण आफ्रिकेचे आणि तरुणपणी वर्णभेदविरोधी चळवळीत होते. शिकणाऱ्याच्या बुद्धीवर विश्वास ठेवणारा माणूस त्या मातीतून यावा, हे मला बोलके वाटते.

पुढे २००५ साली इटलीतल्या इव्रेआ गावच्या एका डिझाइन संस्थेत अर्दुइनो जन्माला आले. कारण व्यावहारिक होते. तेव्हाचे बोर्ड विद्यार्थ्यांना परवडत नव्हते. पण अर्दुइनोच्या आधी त्याच संस्थेत एर्नांदो बारागान या कोलंबियाच्या विद्यार्थ्याने २००३ साली आपल्या प्रबंधासाठी 'वायरिंग' नावाची व्यवस्था उभी केली होती. अर्दुइनो त्याच पायावर उभे राहिले. जग मात्र अर्दुइनोचे नाव घेते, बारागानचे फार थोडे घेतात. त्यांना २०१६ साली स्वतः लिहून आपली बाजू मांडावी लागली. मुक्त कोडच्या जगातही पाया घालणारा मागे पडतो आणि कळसावरचा दिसतो, हे आपण डोळे उघडे ठेवून वाचले पाहिजे. उघडेपणा म्हणजे आपोआप समता नव्हे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये क्वालकॉम या बड्या चिप कंपनीने अर्दुइनो विकत घेत असल्याचे जाहीर केले. मग सगळे संपले का? नाही. जो कोड आणि जे आराखडे मुक्त परवान्याखाली आधीच लोकांत आले आहेत, ते मालक बदलला म्हणून परत घेता येत नाहीत. मालकाने पुढे दार लावले तरी आधीच्या प्रतीवरून लोक आपली वाट काढू शकतात. परवान्याचे मोल अशा वेळीच कळते.

कुलपाची किंमत

आता बंद खोक्यांचे काय झाले ते बघा. लेगो कंपनीची 'माइंडस्टॉर्म्स' ही रोबोटची मालिका १९९८ पासून जगभरच्या शाळांत होती. २०२२ अखेर कंपनीने ती बंद केली. यंत्रे धडधाकट होती, पण कंपनीच्या अ‍ॅपचा भरवसा संपला. कंपनीबाहेरच्या लोकांनी लिहिलेल्या 'पायब्रिक्स' या मुक्त कोडमुळे त्यातले अनेक कंट्रोलर आजही पायथॉन भाषेत चालवता येतात. अँकी नावाची खेळण्यातले हुशार रोबोट बनवणारी अमेरिकन कंपनी २०१९ साली बुडाली. तिच्या 'व्हेक्टर' रोबोटचे बोलणे-ऐकणे कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून होते. लोकांनी पैसे मोजून घेतलेली वस्तू दूरच्या कोणाच्या तरी दिवाळखोरीने मुकी व्हायची वेळ आली. तिथेही हौशी प्रोग्रामरांनी मुक्त कोड लिहून तोड काढली.

श्रीमंताच्या घरी असे खेळणे बंद पडले तर तो नवे आणतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत बंद पडले तर ते कपाटात जाते आणि कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांकडे. पुढचे सांगायला नको. म्हणून मुक्त कोडची गरज सर्वात जास्त कोणाला आहे? ज्याला दुसऱ्यांदा खरेदी परवडत नाही त्याला.

पैसा जनतेचा, मग कोड कोणाचा?

आता सरकारकडे येऊ. केंद्राच्या अटल इनोव्हेशन मिशनने २०१६ पासून शाळांत 'अटल टिंकरिंग लॅब' सुरू केल्या. एका शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान आणि अशा सुमारे दहा हजार लॅब देशात आहेत. कल्पना चांगली आहे. पण सुरुवातीच्या निकषांत सपाट प्रदेशातल्या शाळेकडे दीड हजार चौरस फूट बांधीव जागा हवी अशी अट होती. मी समाजशास्त्राचा विद्यार्थी आहे, म्हणून निकषांकडे नेहमी संशयाने बघतो. दीड हजार चौरस फूट मोकळी जागा कोणत्या शाळेकडे असते? ज्या शाळेत दोन इयत्ता एका खोलीत बसतात तिच्याकडे, की ज्या संस्थेच्या अध्यक्षाच्या मालकीचे चार मजले आहेत तिच्याकडे? जात विचारली नाही, धर्म विचारला नाही, फक्त चौरस फूट विचारले, तरी चाळणीतून कोण खाली पडले हे आपल्याला न सांगता कळते. २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत सरकारी शाळांत पन्नास हजार लॅब उभारण्याची घोषणा झाली. घोषणेचे स्वागत, पण निकषांवर नजर ठेवणे हे आपले काम.

वेगळी वाट नाही असे मात्र नाही. केरळ बघा. तिथल्या सरकारी शाळांत कित्येक वर्षांपासून संगणक मुक्त सॉफ्टवेअरवर चालतात. 'काइट' ही सरकारी यंत्रणा त्यासाठी स्वतःची लिनक्स आवृत्ती देते. २०१८ साली तिने 'लिटल काइट्स' हे विद्यार्थ्यांचे क्लब दोन हजारांवर शाळांत सुरू केले. २०२२ च्या डिसेंबरात या शाळांना नऊ हजार रोबोटिक किट वाटायला सुरुवात झाली. किटमध्ये अर्दुइनो, सर्व्हो मोटार, सेन्सर, ब्रेडबोर्ड आणि वायरी. म्हणजे बाजारात सुटे मिळणारे, दुरुस्त होणारे, मुक्त कोडवर चालणारे सामान. २०२५-२६ पासून दहावीच्या आयटी विषयात रोबोटिक्स सर्वांना आले. मल्याळम माध्यमातल्या मुलाला जे मिळते ते मराठी माध्यमातल्या मुलाला का मिळू नये? महाराष्ट्र केरळपेक्षा गरीब आहे का?

हात आणि डोके

या विषयाचा आपल्या चळवळीशी काय संबंध, असे काही कार्यकर्ते विचारतात. माझ्या मते फार जवळचा आहे.

बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये दाखवून दिले की जात ही नुसती कामाची वाटणी नसून काम करणाऱ्या माणसांचीच उतरंडीने केलेली वाटणी आहे. या उतरंडीत हाताने राबणारा खाली आणि डोक्याने काम करतो असे म्हणवणारा वर. आजही मोटार गुंडाळणारा, वायरिंग करणारा, मोबाईल सोल्डर करणारा पोरगा बहुतेकदा आपला असतो. त्याच्या हातात कौशल्य असते, पण त्याला 'मेकॅनिक' म्हणतात. तेच सर्किट संगणकाच्या पडद्यावर काढणारा 'इंजिनिअर' होतो. दोघांच्या पगारातले अंतर सांगायला नकोच.

रोबोट ही अशी वस्तू आहे की तिच्यात हात आणि डोके वेगळे ठेवून चालतच नाही. कोड बरोबर असला तरी सोल्डर कच्चे असेल तर गाडी हलत नाही. सोल्डर पक्के असले तरी तर्क चुकला तर ती भिंतीवर आपटते. ज्या पोराने बापाच्या दुकानात मिक्सर खोलले आहेत तो इथे कोऱ्या पाटीने येत नाही. त्याच्या हातातल्या ज्ञानाला फक्त कोडची जोड हवी आहे. ती जोड विकत घ्यावी लागली तर उतरंड तशीच राहील. ती उघडी मिळाली तर तिच्या एका पायरीला तरी तडा जाईल.

रोबोटने काय करायचे हे कोण ठरवतो, हा त्याहून मोठा प्रश्न. तिरुवनंतपुरमच्या काही तरुण अभियंत्यांनी २०१८ साली मॅनहोल साफ करणारा 'बँडिकूट' रोबोट आणला. माणसाला गटारात उतरावे लागू नये म्हणून यंत्र हवे, ही मागणी सफाई कामगारांच्या चळवळीने किती वर्षे केली! हाताने मैला साफ करण्याच्या कामावर २०१३ चा कायदा आला, तरी माणसे गुदमरून मरतच राहिली. चंद्रावर यान पाठवणाऱ्या देशाला गटारात उतरणारे यंत्र इतक्या उशिरा का सुचले? कारण यंत्र कशासाठी बनवायचे हे ठरवणाऱ्यांच्या घरातले कोणी गटारात उतरत नव्हते. सफाई कामगाराची मुलगी उद्या कोड लिहायला बसली तर तिला पहिल्यांदा काय सुचेल, याचा विचार करा. शाळेच्या किटमधल्या गॅस सेन्सरवर विसंबून कोणाला मॅनहोलमध्ये पाठवणे गुन्हाच ठरेल, ते खेळणे आहे. पण गॅस ओळखता येतो, मोजता येतो आणि माणूस उतरवण्याची गरज नाही, हे त्या खेळण्यातून तिला आठवीतच कळेल. मग महापालिकेच्या अधिकाऱ्याला प्रश्न विचारताना तिचा आवाज वेगळा असेल.

आक्षेपांना उत्तरे

पहिला आक्षेप: आधी पोटाचे बघा, शिष्यवृत्ती वेळेवर मिळत नाही आणि हा रोबोट घेऊन बसला. शिष्यवृत्तीसाठी मोर्चा काढायचाच आहे. पण आपल्या पोरांनी फक्त पोटापुरते मागावे आणि नवे ज्ञान दुसऱ्यांनी घ्यावे, ही वाटणी कोणी ठरवली? संगणक आला तेव्हाही हेच बोलले गेले. मागे राहिलेल्यांना पुढची गाडी पकडायला वीस वर्षे लागली.

दुसरा आक्षेप: कोड आयता मिळाला तर मुले नुसती कॉपी करतील. करू द्या. अक्षर गिरवल्याशिवाय कोण लिहायला शिकले? गिरवून झाल्यावर एकच सवय लावा: आणलेल्या कोडमध्ये किमान एक बदल करून दाखवायचा आणि तो का केला हे सांगायचे. मूळ लेखकाचे नाव मात्र पुसायचे नाही. बारागानच्या कहाणीतून एवढे तर शिकावे.

तिसरा आक्षेप खरा आहे: संगणक नाही आणि सगळे इंग्रजीत आहे. फोन आणि ओटीजी केबल असेल तर फोनवरूनही अर्दुइनोत कोड चढवता येतो. बोर्डही नसेल तर ब्राउझरमध्ये चालणारे विनामूल्य सिम्युलेटर आहेत. भाषेसाठी आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाच्या अनेक मालिका मराठीतही आहेत. आणि एक सोपी युक्ती आहे. कोडच्या ओळीत दोन तिरप्या रेघांनंतर जे लिहाल ते यंत्र वाचत नाही, माणूस वाचतो. तिथे मराठीत लिहा. 'डावीकडे काळे दिसले, म्हणून डावी मोटार थांबव.' असा मराठी टिपांचा कोड लिहून तो पुढे वाटला की पुढच्या वस्तीतल्या मुलाची वाट निम्मी सोपी होते.

मग करायचे काय?

एक, शाळा व्यवस्थापन समितीत आपले पालक असतात. त्यांनी शाळेत किट येताना विचारावे: हे कंपनीच्या अ‍ॅपशिवाय चालते का? कोड दिसतो का? सुटे भाग बाजारात मिळतात का? तिन्हीचे उत्तर 'हो' नसेल तर लेखी हरकत घ्यावी.

दोन, राज्याकडे मागणी करावी की जनतेच्या पैशातून घेतलेल्या किटचा कोड आणि शिकवण्याचे साहित्य मुक्त परवान्याखाली आणि मराठीत असलेच पाहिजे.

तीन, वस्तीतल्या अभ्यासिकांनी एक बोर्ड, एक गाडी आणि जुना लॅपटॉप एवढ्यावर सुरुवात करावी. जयंतीच्या डीजेच्या एका तासाच्या भाड्याचा हिशेब मांडला तर यातले बरेचसे सामान त्यात बसते. हा टोमणा नाही, अंदाजपत्रक आहे.

चार, आपल्यातली जी मुले अभियांत्रिकीला आहेत त्यांनी पुढची वाट दाखवावी. मोठ्या रोबोटसाठी जगभर वापरली जाणारी 'रॉस' ही व्यवस्थाही मुक्तच आहे. तिचा पहिला धडा पडद्यावर फिरणाऱ्या एका छोट्या कासवाचा असतो, त्याला रोबोट विकत घ्यावा लागत नाही. महिन्यातला एक रविवार वस्तीला द्या, एवढीच अपेक्षा.

रोबोट स्वतःहून काही करत नाही. कोणीतरी लिहिलेला हुकूम तो पाळतो. उद्या कारखान्यात, शेतात, रुग्णालयात अशी यंत्रे असतील आणि ती कोणाला कामावर ठेवायचे, कोणाला काढायचे यावर परिणाम करतील. तेव्हा हुकूम लिहिणाऱ्यांच्या रांगेत आपली पोरे असतील, की यंत्राने सांगितलेले ऐकणाऱ्यांच्या रांगेत? कोड उघडा पडला आहे, परवानगी आधीच मिळालेली आहे. फी ऐकून परत फिरलेल्या बापाला ही गोष्ट सांगायला आपण कधी जाणार, तेवढे ठरवा.